खरेदीची एक पावती

मार्च उजाडला की दोडामार्ग-सावंतवाडीपासून राजापूर-लांज्यापर्यंत रस्त्याकडेला काजू बी खरेदीचे काटे लागतात. कोणी मोटरसायकलला गोणी बांधून येतो, कोणी पिशवीत आठ-दहा किलो घेऊन चालत येतो. बी हातात घेऊन वाजवून बघायची, काट्यावर टाकायची, दर सांगायचा, छापील वहीतून पावती फाडायची. नाव, किलो, दर, रक्कम, सही. तळहाताएवढा कागद. घेणाऱ्याला घाई, देणाऱ्याला त्याहून घाई. एवढे लिहिले जाते तेही पुष्कळ.

पुढे दोन-तीन वर्षांनी कारखान्याला कराची नोटीस येते तेव्हा वकिलाला पहिल्यांदा हाच कागद लागतो. व्यवसायांची करप्रकरणे चालवणारा वकील म्हणजे कलमे तोंडपाठ असणारा माणूस, असा समज आहे. कलमे लागतातच, पण ती पुस्तकात सापडतात. बी कोणाकडून घेतली, ओली होती की सुकी, पैसे रोख दिले की खात्यात, हे कुठल्याच पुस्तकात सापडत नाही. ते कारखान्याच्या खळ्यावरच कळते, आणि खळ्यावरची गोष्ट कायद्याच्या भाषेत मांडणे हे या वकिलीचे खरे काम आहे.

पावतीवरचे नाव शेतकऱ्याचे आहे की व्यापाऱ्याचे, या एका प्रश्नापाशी दोन कायदे येऊन उभे राहतात. आधी जीएसटी. न सोललेली काजू बी शेतकऱ्याकडून नोंदणीकृत कारखानदाराने घेतली, तर तिच्यावरचा ५ टक्के कर शेतकऱ्याने नव्हे, घेणाऱ्याने भरायचा असतो. यालाच रिव्हर्स चार्ज म्हणतात आणि काजू बीला तो जीएसटी सुरू झाला त्या १ जुलै २०१७ पासून लागू आहे. हा कर पोर्टलवरच्या रोखीच्या खात्यातूनच भरावा लागतो, जमा असलेल्या क्रेडिटमधून (खरेदीवर आधी भरलेल्या कराच्या वजावटीतून) वळता करता येत नाही. भरल्यावर त्याचे क्रेडिट मिळते आणि काजूगराच्या विक्रीवरच्या करात ते वापरता येते. वर्षाच्या हिशेबात खिशाला चाट बसत नाही, पण एप्रिल-मे महिन्यांत सगळे भांडवल बियांत अडकलेले असताना ५ टक्के रोख बाजूला काढणे लहान कारखान्याला जड जाते. म्हणून तो महिना पुढे ढकलला जातो, मग विसरला जातो. ज्याने कंपोझिशन, म्हणजे लहान धंद्यांसाठीची कमी दराची योजना, घेतले आहे त्याची अडचण आणखी मोठी. त्याला रिव्हर्स चार्ज चुकत नाही आणि क्रेडिट मात्र मिळत नाही, म्हणजे ते ५ टक्के थेट खर्चातच. कंपोझिशनचा कमी दर बघून अर्ज करणाऱ्या काजूवाल्याला हे आधी सांगायला हवे. बहुतेकदा कोणी सांगत नाही.

दुसरा कायदा प्राप्तिकराचा. धंद्याच्या खर्चापोटी एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर तो खर्च नामंजूर होतो. शेतमालासाठी थेट पिकवणाऱ्याला दिलेली रोख मात्र या नियमातून सुटते. मासळी पकडणाऱ्याला दिलेलीही सुटते. व्यापाऱ्याला दिलेली सुटत नाही. म्हणजे काट्यावर ४०,००० रुपये रोख मोजले, तर समोरचा शेतकरी असल्यास खर्च मंजूर, गावातला व्यापारी असल्यास पूर्ण ४०,००० नामंजूर. (रोख घेणाऱ्यावरचे बंधन वेगळे: एका माणसाकडून एका दिवसात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली, तर जेवढी घेतली तेवढाच दंड. ही मर्यादा शेतकऱ्यालाही आहे.)

आता खरी गोची इथे होते. जीएसटीची नोटीस आली की कारखानदार म्हणतो, “माल व्यापाऱ्यांकडून घेतला, रिव्हर्स चार्ज कसला?” प्राप्तिकराची चौकशी लागली की तोच म्हणतो, “सगळे गावातले शेतकरी, म्हणून रोख दिली.” दोन्ही उत्तरे वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेली असतात. जीएसटीचे एका सल्लागाराने, प्राप्तिकराचे दुसऱ्याने. प्रत्येकाने आपापल्या फाइलपुरते बरोबरच लिहिलेले असते. पण करदात्याचा पॅन एकच, आणि जीएसटीतली उलाढाल आज प्राप्तिकराच्या वार्षिक माहिती विवरणात दिसते. दोन उत्तरे एका टेबलावर आली की दोन्ही खोटी ठरतात, आणि ‘चूक झाली’ म्हणून सुटणारे प्रकरण ‘लपवले’ या सदरात जाते. जीएसटीत या दोन सदरांमध्ये फार मोठे अंतर आहे. साध्या चुकीला दंड कराच्या १० टक्के किंवा १०,००० रुपये, यांतला जो जास्त तो. फसवणुकीला कराएवढाच.

म्हणून या क्षेत्रातल्या वकिलाने कुठल्याही नोटिशीला हात घालण्याआधी त्या वर्षाची दुसऱ्या करखात्याला दिलेली सगळी उत्तरे मागवावीत. अशील कंटाळतो, “ते वेगळे प्रकरण आहे हो” म्हणतो. तरी मागवावीत. कायद्याचे म्हणणे पर्यायी असू शकते, म्हणजे ‘कर लागतच नाही, आणि लागला तरी क्रेडिट मिळायला हवे’ असे म्हणता येते. वस्तुस्थिती मात्र पर्यायी असू शकत नाही. बी शेतकऱ्याची होती किंवा नव्हती.

त्यात ‘शेतकरी कोण’ याचे उत्तर कोकणात वाटते तितके सोपे नाही. जीएसटी कायद्यानुसार स्वतःच्या कष्टाने, घरच्यांच्या कष्टाने किंवा स्वतःच्या वा घरच्यांच्या देखरेखीखाली मजूर लावून जमीन कसणारी व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब म्हणजे शेतकरी. आता मालक मुंबईत, गणपतीला आणि शिमग्याला गावी येणारा. बागेची राखण शेजारचा करतो, बी गोळा करून तोच काट्यावर घालतो, पावती मालकाच्या नावाने फाडली जाते. सातबाऱ्यावर सामाईक अठरा नावे, त्यांतली पाच हयात नाहीत. अशा वेळी पावतीवरच्या नावामागे कसणारा नक्की कोण, हे जागेवर विचारल्याशिवाय कळत नाही, आणि तीन वर्षांनी विचारून उपयोग नसतो.

पावतीत काय हवे हे म्हणूनच वकिलाने हंगामाआधी फेब्रुवारीतच सांगून ठेवावे. पूर्ण नाव आणि गाव. जमिनीचा गट नंबर, निदान वाडीचे नाव. समोरचा स्वतःचा माल घालतोय की गोळा केलेला, यासाठी दोन चौकोन आणि एकावर खूण. वजन, दर, रक्कम, पैसे कसे दिले, सही किंवा अंगठा. नेहमी माल घालणाऱ्यांच्या सातबाऱ्याची एकेक प्रत वर्षातून एकदा घेऊन ठेवावी. पीक पाहणीत काजूची नोंद असेल तर उत्तमच. शेतकऱ्याच्या मालासाठी कारखानदाराला स्वतःच बीजक तयार करावे लागते आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून त्याला माल मिळाल्यापासून ३० दिवसांची मुदत आहे. ही मुदत जूनमध्ये सवडीने बसून गाठता येत नाही. मार्चचा माल तोवर मुदतीबाहेर गेलेला असतो.

ज्यांचा रिव्हर्स चार्ज मागच्या वर्षांत राहून गेला आहे, त्यांनी हातपाय गाळायचे कारण नाही. २६ जून २०२४ च्या परिपत्रकाने असे स्पष्ट केले आहे की, नोंदणी नसलेल्याकडून घेतलेल्या अशा मालाचे बीजक घेणाऱ्याने ज्या वर्षी तयार केले, त्या वर्षापासून क्रेडिटची मुदत मोजायची. म्हणजे उशिरा भरलेला करही क्रेडिटमध्ये परत येऊ शकतो. वर्षाला १८ टक्के व्याज मात्र खिशातूनच जाते, आणि दंडाचा प्रश्न उरतो. नोटिशीच्या आधी स्वतःहून भरणे आणि नोटिशीनंतर भरणे यांतला फरक तिथे दिसतो.

दुसरी कायमची भांडणाची जागा म्हणजे घट. अधिकारी बीचे वजन घेतो, त्याला एका ठरीव टक्क्याने गुणतो, काजूगर किती निघायला हवा होता ते काढतो आणि वहीतल्या विक्रीशी ताडून पाहतो. समजा हंगामात १२ टन बी घेतली. अधिकाऱ्याने ३० टक्के उतारा, म्हणजे बीमागे निघणारा गर, धरला तर ३,६०० किलो गर. पण काट्यावर आलेली बी ओली असते. उन्हात वाळवल्यावर ८ टक्के घटली, तर उरली ११,०४० किलो. त्यातून २७ टक्के उतारा पडला तर गर २,९८१ किलो. फरक ६१९ किलोचा. किलोला ८०० रुपये धरले तर ४,९५,२०० रुपयांची ‘लपवलेली विक्री’. त्यावर जीएसटी २४,७६० रुपयेच होतो, म्हणून कारखानदार म्हणतो भरून टाकू, कटकट नको. असे भरून टाकणे महागात पडते. जीएसटीत मान्य केलेली ही विक्री उद्या प्राप्तिकरात उत्पन्न म्हणून उभी राहते, तिथला कर यापेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि पुढच्या प्रत्येक वर्षाला ३० टक्के हाच उतारा चिकटतो.

घट सिद्ध करायची कशी? ‘काजूत घट असतेच’ एवढे लिहून भागत नाही. कारखान्यात याचे पुरावे पडून असतात, ते ओळखावे लागतात. खळ्यावर बी पसरताना आणि गोणी भरताना केलेली वजने, असतील तर. त्याहून बोलका पुरावा म्हणजे मजुरीची वही. सोलणाऱ्या बायकांना मजुरी किलोवर मिळते. कोणी किती किलो गर सोलला हे रोज लिहिले जाते, आणि ते लिहिताना कराचा विचार कोणाच्या मनात नसतो. एक किलो कमी लिहिला तर संध्याकाळी बाई भांडते, म्हणून ती वही सहसा खरी असते. हंगामाची तिची बेरीज २,९८१ च्या आसपास आली, तर ३,६०० चे गणित टिकत नाही. जोडीला प्रतवारीची नोंद, म्हणजे अख्ख्या गराच्या २४०, ३२० या प्रती, पाकळी, तुकडा किती निघाला ते. आणि टरफलांची विक्री. टरफल भट्टीला किंवा तेलवाल्याला जाते, त्याचे बिल अनेक जण करत नाहीत. इथे कारखानदाराचीच बाजू लंगडी पडते. ज्या गोष्टीचे वजन बीच्या वजनाशी थेट बांधलेले आहे, तिचीच नोंद नाही. वकिलाने हे आपल्या अशिलाला नोटीस येण्याआधी स्पष्ट सांगितले पाहिजे.

प्राप्तिकराची तपासणी आता चेहराविरहित आहे. अधिकारी कुठल्या शहरात बसला आहे हे करदात्याला कळत नाही, आणि बोंडूला लटकलेली बी त्याने कधी पाहिली असेलच असे नाही. पूर्वी वकील चार बिया खिशातून काढून टेबलावर ठेवू शकत होता. आता सगळे लेखी. म्हणून उत्तराचे पहिले पान कायद्याचे नसावे, धंद्याचे असावे: बी येते, वाळते, वाफवली जाते, फोडली जाते, गर भट्टीत सुकतो, वरचा पापुद्रा निघतो, प्रतवारी होते, डबा भरतो. प्रत्येक टप्प्यापुढे वजन आणि त्या वजनाचा कागद कुठल्या पानावर आहे तो क्रमांक. दोन-चार फोटो. कलमे तिसऱ्या पानापासून आली तरी चालतात.

आंब्याचे कायदे काजूपेक्षा गुंतागुंतीचे, आणि मला विचाराल तर जास्त विचार करायला लावणारे. ताज्या आंब्याला जीएसटी नाही, शेतीच्या उत्पन्नाला प्राप्तिकर नाही (दुसरे करपात्र उत्पन्न असेल तर दर ठरवताना शेतीचे उत्पन्न हिशेबात धरले जाते, एवढेच). मग वकिलाचे काम काय? काम सुरू होते ते बाग कराराने दिली जाते तिथे. मालकाला मिळणारी रक्कम शेतीचीच, त्यात फारसा वाद नाही. करारदाराचे काय? सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली राजा बिनॉय कुमार सहस रॉय यांच्या प्रकरणात मूलभूत गोष्ट सांगितली: जमिनीवर नांगरणी, पेरणी, लागवड अशी मूळ मशागत हवी, नंतरची कामे तिला जोडून आली तर शेती, नुसती नंतरची कामे म्हणजे शेती नव्हे. मोहोर आल्यावर झाडावरचे फळ विकत घेऊन, उतरवून, पेट्या वाशीला पाठवणारा हा फळांचा व्यापारी. त्याने विवरणपत्रात शेती उत्पन्न दाखवू नये असे माझे ठाम मत आहे. पण जो जुलैपासून बाग हातात घेतो, आळी करतो, खत आणि कल्टार (मोहोरासाठीचे संजीवक) घालतो, छाटणी करतो, मोहोर राखतो, आणि हे पाच-सात वर्षे करतो, त्याची बाजू मांडण्यासारखी आहे. जिंकेलच असे नाही, कारण झाडे लावली मालकाने.

त्याची बाजू बळकट करायची तर करारात ‘बाग कसायला दिली’ असे शब्द हवेत. आणि नेमके तेच शब्द लिहायला कोकणातला मालक तयार होत नाही. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने कुळे जमिनीची मालक झाली, ही आठवण घराघरात आहे. कसायला दिली असे लिहिले की कूळ लागेल ही भीती, म्हणून करारात ‘फक्त फळे विकली, जमिनीचा ताबा मालकाकडेच’ असे घातले जाते. मालक कूळकायद्यापासून वाचतो आणि करारदार प्राप्तिकरात व्यापारी ठरतो. एका वाक्यात दोन माणसांचे हित एकमेकांविरुद्ध असते. एकाच वकिलाने दोघांसाठी करारनामा लिहू नये तो यासाठी. करारदाराच्या वकिलाने निदान कोणती कामे कोण करणार याची यादी करारात घालून घ्यावी, आणि खतांची, फवारणीच्या औषधांची बिले करारदाराच्या नावावर ठेवावीत.

स्वतःच्या बागेतला आंबा स्वतःच्या कारखान्यात आटवणाऱ्याचे गणित निराळे. आढीत पिकवणे ही शेतीचीच क्रिया, कारण फळ बाजारात नेण्याजोगे करण्यासाठी शेतकरी नेहमी तेच करतो. रस काढून डबाबंद केला की उद्योग. १९६२ च्या प्राप्तिकर नियमांतला नियम ७ सांगतो की, कारखान्यात वापरलेल्या स्वतःच्या आंब्याची बाजारभावाने किंमत उद्योगाच्या नफ्यातून वजा करायची, तेवढी शेतीची बाजू. चूक होते ती भाव धरताना. वाशीच्या पट्टीतला पेटीचा दर लावला जातो. पण डब्यात जातो तो कॅनिंगचा आंबा, डागी, लहान, किलोवर विकला जाणारा. त्याला निवडक पेटीचा दर लावला की करमुक्त हिस्सा फुगतो आणि अधिकारी तो कापतो, बरोबरच कापतो. कॅनिंगच्या आंब्याचे त्या हंगामातले खरेदी दर, शेजारच्या बागायतदाराला दिलेल्या पैशांच्या पावत्यांसकट, हाच योग्य आधार. दोडामार्गकडच्या रबराला ही डोकेदुखी नाही. स्वतःच्या झाडांच्या चिकापासून केलेल्या मालाच्या उत्पन्नाला नियम ७अ ने ३५ टक्के धंदा, ६५ टक्के शेती अशी विभागणीच करून दिली आहे. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ च्या प्राप्तिकर अधिनियमाने घेतली आणि कलमांचे आणि नियमांचे क्रमांक बदलले, तरी मागच्या वर्षांची प्रकरणे जुन्याच क्रमांकांनी चालायची आहेत. दोन्ही पुस्तके टेबलावर लागतील.

या वाटेने यायचे तर कायद्याची पदवी, महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा एवढे औपचारिक. खरे शिक्षण जमाखर्च वाचण्यात. स्टॉकची वही आणि बँकेचा उतारा शेजारी ठेवून तासभर बसता आले पाहिजे. जीएसटीपुढे सनदी लेखापाल आणि जीएसटी प्रॅक्टिशनरही उभे राहतात, त्यामुळे वकिलाचे वेगळेपण कशात, असा प्रश्न तरुणांना पडतो. पुरावा मांडण्यात आहे. आणि गोपनीयतेत: अशिलाने वकिलाला व्यावसायिक नात्याने सांगितलेले उघड न करण्याचे संरक्षण भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम १३२ मध्ये आहे. पुढे बेकायदा काही करण्यासाठी घेतलेल्या सल्ल्याला ते नाही. वाचवलेल्या करावर टक्केवारीने फी घ्या, असा आग्रह अशील हमखास धरतात. निकालावर अवलंबून फी ठरवायला वकिलाला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, हे पहिल्या भेटीतच सांगून टाकावे.

जीएसटीच्या नोटिशी पोर्टलवर येतात आणि तिथेच पडून राहतात. पोर्टलवरचा मोबाइल नंबर तीन वर्षांपूर्वी काम सोडून गेलेल्या मुलाचा असतो. बाजू न ऐकता आदेश निघतो आणि बँकेचे खाते गोठल्यावर पत्ता लागतो. नवे अशील आले की पहिल्याच दिवशी नोंदणीतला मोबाइल आणि ईमेल बदलून घ्यावा, ‘अतिरिक्त नोटिसा आणि आदेश’ हे सदर उघडून बघावे. नोटीस मिळाली की आधी तिचे वर्ष, कलम आणि आकडा कुठून आला ते तपासावे. विभागाने ज्या कागदांवर भिस्त ठेवली त्यांच्या प्रती मागाव्यात. सुनावणी लेखी मागावी, कारण विरुद्ध आदेश होण्याची शक्यता असेल तर ती द्यावीच लागते. आदेश नोटिशीतल्या रकमेच्या किंवा कारणांच्या पुढे जाऊ शकत नाही, हे जीएसटी कायद्याच्या कलम ७५ मध्ये स्पष्ट आहे, तेव्हा नोटिशीतले प्रत्येक कारण शब्दशः उतरवून त्याखाली उत्तर द्यावे. पावसाळ्यात घाट बंद पडून ट्रक अडकला आणि ई-वे बिलाची (मालवाहतुकीच्या ऑनलाइन कागदाची) मुदत टळली, तर मुदत संपण्याच्या आधीच्या आणि नंतरच्या आठ-आठ तासांत वाढ घेता येते. हे चालकाच्या फोनमध्ये लिहून ठेवण्यासारखे आहे.

जीएसटीचे पहिले अपील आदेश मिळाल्यापासून तीन महिन्यांत, वादातल्या कराचे १० टक्के भरून. सबळ कारण असेल तर आणखी एक महिना, त्यापुढे काही नाही. अपिलात नवा पुरावा सहज घेतला जात नाही, आधी का दिला नाही हे सांगावे लागते. उच्च न्यायालयात तर केवळ कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न ऐकला जातो. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाले आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गची प्रकरणे आंबा घाट, करूळ घाट चढून तिथे जाऊ लागली. मुंबईची खेप वाचली. पण तिथे कोणी बी वाजवून बघणार नाही, गोणी काट्यावर ठेवणार नाही. घट ८ टक्के होती की नाही, हे त्याआधीच, पहिल्या उत्तराला कोणता कागद जोडला त्यावर ठरलेले असते.

आणि कोकणात कागद टिकवणे हेही काम आहे. जीएसटीच्या नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात. वजनकाट्याची चिठ्ठी थर्मल कागदावरची, दुसरा पावसाळा येईपर्यंत कोरी होते. पावतीवह्या माळ्यावर टाकल्या तर बुरशी धरतात, जमिनीवर ठेवल्या तर वाळवी. हंगाम संपून पाऊस लागायच्या आत, मेच्या अखेरीस दोन दिवस काढावेत, काट्याच्या चिठ्ठ्या त्या त्या खरेदीच्या पावतीला लावून दोन्हींचे एकत्र स्कॅन करावे, गठ्ठ्यावर गाव आणि महिना लिहावा, आणि गठ्ठे पत्र्याच्या पेटीत बंद करावेत.